कृषी सेवा केंद्राची डीलरशिप: परवान्यापासून पहिल्या हंगामापर्यंत कोणती पायरी कधी

गाळा भाड्याने घेतला, बोर्ड रंगवून झाला, सुताराला रॅकसाठी उचल दिली, ओळखीच्या वितरकाकडे टोकनही ठेवलं. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात माणूस विचारायला येतो, "परवान्याला किती दिवस लागतात हो?" तोवर मृग तोंडावर आलेला असतो. लातूर-धाराशिवकडचं सोयाबीन असो की जालना-बीडकडचा कापूस, आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्राचा मोठा धंदा जून-जुलैत होतो. तो हुकला की रब्बीच्या हरभऱ्यापर्यंत नुसतं भाडं भरत बसायचं.

पैसा असतो, जागा असते, ओळखीही असतात. घोळ होतो तो क्रमात. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्यात त्याच ओळीने करा. खरिपात दुकान उघडायचं असेल तर कागदाला आधीच्या दिवाळीनंतर हात घाला.

## १. कोणत्या प्रकारचे डीलर होणार ते ठरवा

गोव्याच्या कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्यालाही डीलरच म्हणतात, पण तो पगारी असतो. टेबलावर हरला-जिंकला तरी पैसा मालकाचा. आपल्या धंद्यात माल दुकानात उतरला की पैसा तुमचा अडकतो. म्हणून कोणाशीही बोलणी करताना पहिला प्रश्न एकच: न विकलेल्या मालाची जोखीम कोणाची?

मुख्य वितरक कंपनीकडून घेऊन दुकानदारांना देतो. त्याला गोदाम, गाडी आणि मोठं भांडवल लागतं. किरकोळ विक्रेता शेतकऱ्याला विकतो. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. फ्रँचायजीत बोर्ड, रंग, दर सगळं कंपनीचं, वर फी. माल मात्र बहुतेक वेळा तुम्हीच विकत घेतलेला. कमिशनवर विकणाऱ्याच्या हातात माल असतो, पण मालकी कंपनीची. "फ्रँचायजी देतो" म्हणणारे कित्येक जण प्रत्यक्षात साधी किरकोळ डीलरशिपच फी लावून विकतात. करारात माल परत घेण्याचं कलम नसेल, तर बोर्ड कितीही चकचकीत असला तरी जोखीम तुमचीच.

थांबा: नावाजलेल्या खत कंपनीच्या नावाने फोन येतो, व्हॉट्सॲपवर 'मंजुरीपत्र' येतं आणि नोंदणी फी मागितली जाते. पैसे भरायचं खातं कंपनीच्या नावाचं नसेल, तर तिथेच विषय संपवा. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव-पत्ता जुळतो का ते बघा, आणि जिल्ह्याचा कंपनी प्रतिनिधी समोर येऊन भेटल्याशिवाय रुपया देऊ नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

## २. शिक्षणाची अट

बियाणं, खत आणि कीटकनाशक हे तीन वेगळे परवाने आहेत. बियाण्याला १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश लागू, खताला १९८५ चा खत नियंत्रण आदेश, आणि कीटकनाशकाला १९६८ चा कायदा व १९७१ चे नियम. शिक्षणाची अटही तिन्हींना सारखी नाही.

सगळ्यात कडक अट कीटकनाशकाची. कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र अशा विषयांची विज्ञान पदवी, नाहीतर कृषी, फलोत्पादन यांसारख्या विषयातली मान्यताप्राप्त संस्थेची एक वर्षाची पदविका लागते. तुमच्याकडे नसेल तर असं शिक्षण असलेला माणूस नोकरीला ठेवता येतो. खताला कृषी किंवा रसायनशास्त्राचं शिक्षण नसेल तर कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र अशा ठिकाणचा १५ दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो.

आणखी एक रस्ता 'देसी' पदविकेचा आहे. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची ही पदविका ४८ आठवड्यांची: आठवड्यातून एक दिवस, ४० वर्ग आणि ८ शिवारफेऱ्या. ती मुळात दुकान चालवणाऱ्यांसाठी आखलेली आहे. नव्याला प्रवेश मिळेल का, हे जिल्ह्याच्या 'आत्मा' (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात आधी विचारा. आणि हिशेब करा: आज नाव घातलं तरी प्रमाणपत्र हातात यायला वर्ष जातं.

हमखास होणारी चूक: भाच्याची किंवा गावातल्या एखाद्या पोराची बी.एस्सी. ॲग्रीची पदवी 'लावून' परवाना काढणं. पोरगं पुण्याला नोकरीला, दुकानात बारावी पास मालक. तपासणीत पहिला प्रश्न असतो, "जबाबदार व्यक्ती कुठंय?" उत्तर "आत्ताच जेवायला गेलेत" हेच दर वेळी असेल, तर परवाना निलंबित व्हायला वेळ लागत नाही. शिवाय तुमच्या दुकानात काही झालं तर त्या पोराचं नाव गुन्ह्यात येतं. त्याला खरोखर पगारावर ठेवा, नेमणूकपत्र द्या, हजेरी ठेवा. नाही तर पहिली दोन वर्षं फक्त बियाणं आणि खत करा.

## ३. जागा: भाडं ठरवण्याआधी कागद बघा

मोक्याची जागा सगळेच बघतात. गाळ्याची नोंद बघणारे कमी. ग्रामपंचायत हद्दीत नमुना ८ चा उतारा मालकाच्या नावावर आहे का? नगरपालिकेत मालमत्ता कराची पावती? बसस्टँडजवळचे कित्येक गाळे तोंडी व्यवहारावर चालतात. मोबाईल रिपेअरिंगला ते खपतं, परवान्याला नाही.

भाडेकरारात चतुःसीमा लिहून घ्या. गोदाम वेगळ्या जागी असेल तर त्याचा कागद वेगळा, आणि परवान्यावर त्याची नोंदही वेगळी. परवान्यात नसलेल्या खोलीत ठेवलेला माल म्हणजे अनधिकृत साठा, मग ती खोली तुमच्या घराची का असेना.

कीटकनाशक खाण्याच्या वस्तूंसोबत ठेवता येत नाही. "पुढं किराणा, मागं औषधं" हे आपल्याकडे सर्रास दिसतं आणि तपासणीत पहिल्यांदा तेच पकडलं जातं.

तपासा: आधार, पॅन, शॉप ॲक्ट, जीएसटी आणि भाडेकरार या पाचही कागदांवर नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा हवा. एकीकडे 'जय किसान कृषी सेवा केंद्र' आणि दुसरीकडे 'जय किसान ॲग्रो एजन्सी' असेल तर अर्ज परत येतो. हे जुळवून घेतल्यावरच बोर्ड रंगवायला द्या.

## ४. उगम प्रमाणपत्र: खरी मेख इथे आहे

परवाना मिळाला म्हणजे कोणाचाही माल विकायला आपण मोकळे, असं नव्या दुकानदाराला वाटतं. तसं नाही. कोणत्या कंपनीचा कोणता माल तुम्ही विकणार, याचा त्या कंपनीने दिलेला दाखला लागतो. हेच उगम प्रमाणपत्र. खतासाठी तो 'ओ फॉर्म' असतो, कीटकनाशकासाठी 'पीसी', म्हणजे प्रिन्सिपल सर्टिफिकेट. तो अर्जाला जोडावा लागतो आणि परवान्यावर त्याची नोंद होते. नोंद नसलेल्या कंपनीचं एक पोतं जरी दुकानात सापडलं, तरी ते विनापरवाना.

इथे नवा माणूस कात्रीत सापडतो. कंपनी म्हणते परवाना दाखव, मग डीलरशिप देतो. कृषी कार्यालय म्हणतं उगम दाखव, मग परवाना देतो. सुटायची वाट वितरकाकडून जाते. खताचा ओ फॉर्म घाऊक विक्रेताही देऊ शकतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मोंढ्यातल्या परवानाधारक वितरकाकडून दोन-तीन कंपन्यांचे कागद घ्या, तेवढ्यावर अर्ज करा, आणि परवाना आल्यावर एकेक कंपनी वाढवत न्या. पहिल्याच अर्जाला पंधरा कंपन्या जोडायच्या हट्टापायी लोक महिनाभर प्रतिनिधींच्या मागे फिरतात आणि हंगाम घालवतात.

उगम हातात आला की चार गोष्टी बघा: तुमच्या दुकानाचं नाव बरोबर आहे का, पत्ता परवान्याशी जुळतो का, उत्पादनांची यादी पूर्ण आहे का, आणि वैधता कोणत्या तारखेपर्यंत आहे. चौथी गोष्ट कोणी बघत नाही. परवान्याला मुदत उरलेली असते, पण उगम मार्चमध्ये संपलेला असतो आणि जूनमध्ये त्याच कंपनीची ५० पोती दुकानात उभी असतात.

टॉनिकवाल्यांपासून सावध: पिकांच्या टॉनिकवर सुटणारा नफा युरियाच्या कित्येक पट असतो, म्हणून नव्या दुकानात पहिला येतो तो त्यांचाच प्रतिनिधी. ही टॉनिकं, म्हणजे कायद्याच्या भाषेत जैव उत्तेजकं, २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली आणि त्यांच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली. "आमचं सेंद्रिय आहे, याला परवाना लागत नाही" असं कोणी म्हणालं तर तेच लेखी मागा. तो माणूस पुन्हा येत नाही.

## ५. अर्ज

अर्ज ऑनलाइन भरायचा, तिन्ही परवान्यांचे वेगवेगळे. त्यानंतर जागेची पाहणी होते आणि परवाना जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातून मिळतो. कागद स्वतः स्कॅन करून घ्या. सेतूवाल्याने मोबाईलवर काढलेल्या तिरक्या फोटोतला शिक्का वाचता येत नाही आणि अर्ज त्रुटीत पडतो. त्रुटीचा मेसेज सेतूवाल्याच्या नंबरवर जातो, तो सांगायला विसरतो. मोबाईल नंबर तुमचाच टाका.

पाहणीला अधिकारी येतील तेव्हा दुकान रिकामं असावं. "तोवर थोडा माल आणून ठेवला" हे वाक्य त्यांच्यासमोर बोलू नका, आणि तसं करूही नका.

## ६. माल येण्याआधीची मांडामांड

परवाने हातात आले तरी लगेच ऑर्डर देऊ नका. आधी हे उरका:

- तिन्ही परवाने दर्शनी भागात, फ्रेम करून.
- भाव आणि साठ्याचा फलक, रोज पुसून लिहिता येईल असा.
- बियाणं, खत आणि औषधाची वेगळी साठा रजिस्टरं.
- मागे एक कुलूपबंद कपाट, 'मुदतबाह्य – विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावलेलं. आज ते रिकामं असेल; वर्षभराने नसेल.
- खतासाठी लाकडी फळ्या. पोती थेट फरशीवर आणि भिंतीला टेकवून लावली की ओल धरतात आणि पावसाळा संपेपर्यंत दगड होतात.

अनुदानित खतासाठी पॉस मशीन लागतं. शेतकऱ्याचा आधार आणि अंगठा घेतल्याशिवाय विक्री पूर्ण होत नाही. कंपनीचं अनुदान या नोंदीवर अवलंबून असल्याने मशीनमधला साठा आणि गोदामातला साठा एक असावा लागतो. गर्दीत दुकानदार पोती देत सुटतो आणि "रात्री बसून अंगठे मारू" म्हणतो. रात्री अंगठा कोणाचा मारणार? मग घरच्यांच्या आधारवर ४० पोती चढतात आणि यादीत 'सर्वाधिक खत घेणारा शेतकरी' म्हणून तुमच्या वडिलांचं नाव येतं.

बियाण्यासाठी केंद्राचं 'साथी' पोर्टल २०२३ मध्ये आलं. त्यावरच्या नोंदीची पद्धत तालुक्याला विचारून लॉगिन हंगामाआधीच घेऊन ठेवा.

## ७. कंपनी आणि वितरकाशी बोलणी

अनामत, उधारीची मर्यादा, रोखीची सूट, माल परतीची अट आणि वाहतूक या पाचही गोष्टी लेखी घ्या. कंपनीचा प्रतिनिधी दोन वर्षांनी बदलतो. "साहेब बोलले होते" याला नवा साहेब विचारत नाही.

संरक्षण म्हणून कोरे चेक मागितले जातात. चेक द्यावा लागलाच तर रेघ मारून कंपनीचं नाव लिहा, त्याचा क्रमांक आणि कशासाठी दिला ते पत्रावर लिहून पोच घ्या, आणि व्यवहार बंद झाला की परत मागा. न वटलेला चेक म्हणजे कलम १३८ चा खटला, आणि तो कदाचित दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात.

हंगामाआधी कंपन्या माल दुकानात 'प्लेस' करतात. प्रतिनिधीचं टार्गेट मार्चमध्ये पूर्ण होतं, तुमचं गोदाम भरतं. गोवा-थायलंडच्या सहलीच्या स्कीममध्ये सापडून लोक आपल्या भागात न चालणारं वाण उचलतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी एकही स्कीम घेऊ नका. हिंगोली-वसमतच्या हळदीच्या पट्ट्यात जे चालतं ते भूम-परंड्यात चालेलच असं नाही. आजूबाजूच्या दहा गावांत मागच्या वर्षी काय पेरलं गेलं, ते शेतकऱ्यांना विचारून यादी करा आणि तीच ऑर्डर द्या.

लिंकिंगचं दुखणं वेगळं. युरिया किंवा डीएपी हवं तर सोबत अमुक पेट्या विद्राव्य खताच्या घ्याच, असं वरून ढकललं जातं. दुकानदार तेच शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो आणि तक्रार त्याच्यावर होते. वरून लिंकिंग आलं तर ऑर्डर आणि बिलाच्या प्रती जपून ठेवा आणि कृषी विभागाकडे लेखी कळवा. खाली मात्र करू नका.

## ८. गाडी उतरवताना

हमाल घाईत असतात, पाऊस गडगडत असतो, तरीही बिलाची प्रत हातात धरून दारात उभं राहा. सोयाबीनच्या प्रत्येक बॅगेचा लॉट नंबर बिलाशी ताडा. एका गाडीत दोन-तीन लॉट सर्रास येतात आणि बिलावर एकच छापलेला असतो. टॅगचा रंग बघा: प्रमाणित बियाण्याला निळा, सत्यप्रत (कंपनीने स्वतःच्या हमीवर विकलेल्या) बियाण्याला फिकट हिरवा. शिलाई एकसारखी आहे का, पुन्हा शिवल्याची दुहेरी भोकं दिसतात का, ते बोट फिरवून बघा. उगवणशक्तीचा आकडा वाचा. सोयाबीनला किमान ७० टक्के लागते. बॅगा आडव्या, कमी थराच्या ठेवा आणि हमालांना फेकू देऊ नका. सोयाबीनचं साल पातळ असतं, आपटलेलं बी शेतात उगवत नाही आणि दोष दुकानदारावर येतो.

## ९. विक्री: बिल हीच ढाल

ऐन गर्दीत शेतकरीच म्हणतो, "शेठ, बिल राहू द्या, वापसा निघून चाललाय." तरीही बिल करा. त्यावर नाव, गाव, वाण, लॉट किंवा बॅच नंबर, वैधता, दर आणि सही हवी.

दर छापील किमतीच्या वर एक रुपयाही नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. सुट्टे नाहीत म्हणून २७० घेतले, तरी तक्रारीत ते जादा दरच ठरतात. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल दर केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करतं. तो फलकावर लिहा. तणनाशक सहन करणारी 'एचटीबीटी' कपाशी चोरून आणून देणारे भेटतील. तिला मान्यता नाही. पाकिटामागे सुटणाऱ्या पैशांपायी तिन्ही परवाने घालवू नका.

औषध देताना लेबलवर त्या पिकाचं आणि किडीचं नाव आहे का ते बघूनच द्या. चार औषधं एकत्र करून 'कॉकटेल' लिहून देणारे दुकानदार लोकप्रिय असतात, पण पीक करपलं की चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचंच असतं. टू-फोर-डी हे तणनाशक देताना एक वाक्य न चुकता सांगा: "दादा, हा पंप कपाशीला वापरू नका." कपाशी या औषधाला फार नाजूक असते, पंपात उरलेल्या अंशानेही पानं वाकडी होतात.

बियाणं देताना ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि बॅग, टॅग, बिल व मूठभर बी जपून ठेवा, हे सांगा. बिलाच्या मागे छापूनच घ्या.

## १०. उधारी

माल नाही म्हणून बंद पडलेलं दुकान मी पाहिलेलं नाही. उधारीने बंद पडलेली पुष्कळ आहेत. जूनमध्ये दिलेलं सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीत येणार, आणि कंपनीची तारीख त्याआधीच असते. या मधल्या काळाचे पैसे स्वतःजवळ असतील तेवढीच उधारी द्या. प्रत्येक नावाला मर्यादा ठरवा आणि ती काउंटरवर बसणाऱ्या भावालाही सांगा. मर्यादा तिथेच मोडते. प्रत्येक उधार बिलावर सही घ्या. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा जुन्या खात्यावर थोडी रक्कम घेऊन लेखी कबुली घेत राहा. व्याज लावून हातउसने पैसे देणं मात्र विनापरवाना सावकारी ठरतं. २०१४ चा सावकारी कायदा त्यासाठीच आहे.

## ११. तपासणी आणि तक्रार

निरीक्षक नमुना घेतात तेव्हा त्याचे तीन भाग होतात आणि एक तुमच्याकडे राहतो. तो सीलबंद भाग कपाटात ठेवा. साफसफाईत फेकून दिलेला पाहिला आहे. पंचनामा वाचून, लॉट नंबर ताडूनच सही करा. कीटकनाशकाच्या बाबतीत माल परवानाधारकाकडून घेतलेला, नीट साठवलेला आणि आला तसाच विकलेला आहे हे दाखवता आलं, तर कायद्यात विक्रेत्याला बचाव आहे. तो बचाव खरेदी बिलावर उभा राहतो.

"उगवलं नाही" अशी तक्रार आली तर शेतकऱ्याशी वाद घालू नका. २०२० च्या खरिपात सोयाबीनच्या तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, तालुका तक्रार निवारण समितीच्या पाहणीला स्वतः हजर राहा, आणि पेरणीची खोली, पावसाची तारीख व शेजारच्या शेतात त्याच लॉटची स्थिती पंचनाम्यात लिहून घ्या.

## १२. हंगाम उरकल्यावर

न विकलेलं बियाणं परत करण्याची तारीख कंपनी ठरवते, आणि ती पोळ्याच्या गडबडीत निघून जाते. कॅलेंडरवर लिहा. परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट हातात येईपर्यंत वाहतुकीची पावती सोडू नका. मुदत संपत आलेल्या औषधाच्या बाटल्या तीन महिने आधीच वेगळ्या काढून कंपनीला कळवा. मुदत संपल्यावर कोणी घेत नाही. पॉस, रजिस्टर आणि गोदाम यांची मोजणी एकाच दिवशी करा. मग सगळे उगम प्रमाणपत्र काढून तारखा बघा आणि ज्यांची मार्चमध्ये संपतेय त्या कंपन्यांना जानेवारीतच फोन लावा.